वीतभर अंतरावरून

यंदा थंडी वेळेवर आली. दिवाळीचे कंदील उतरले आणि दुसऱ्याच आठवड्यात आमच्या कसबा पेठेतली माणसं कान झाकून दूध आणायला निघाली. पुण्याची थंडी ती काय, उत्तरेकडची माणसं हसतात आपल्याला. पण पारा अठरावर आला की माकडटोपी काढायची हा इथला रिवाज आहे, आणि रिवाजापुढे पाऱ्याचं काय चालतं! मीही माझी टोपी पेटीतून काढली. तिला वर्षभराचा डांबराच्या गोळ्यांचा वास होता. तो गॅलरीतल्या उन्हात घालवत बसलो असताना आतून दुसरा एक वास आला, ओवा आणि बाळंतशेपांचा. या दोन वासांनी मिळून मला धरलं आणि सत्तावीस वर्षं मागं नेऊन सोडलं.

आमची केतकी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे. तिचा मुलगा तीन आठवड्यांचा झाला. बारसं सव्वा महिन्यानं करायचं ठरलंय, म्हणून तूर्त तो नुसता बाळ्या. डॉक्टरांनी बाळाला धुरी देऊ नका असं बजावलंय, म्हणून माझी बायको सुमन बाळाला दुसऱ्या खोलीत ठेवते आणि इकडे फक्त त्याची दुपटी शेकते. डॉक्टरही खूश आणि तीही खूश.

गेल्या आठवड्यात कुरिअरनं एक खोका आला. आत जाड पुठ्ठ्याची वीस-बावीस कार्डं, पांढऱ्यावर काळे आकार. वर्तुळ, चौकोन, त्रिकोण, पट्टे, बुद्धिबळाचा पट.

"बाबा, हाय-कॉन्ट्रास्ट कार्ड्स आहेत," केतकी म्हणाली. "न्यूबॉर्नला सुरुवातीला असंच दिसतं. रिसर्च आहे यावर."

मी एक कार्ड उजेडात धरून पाहिलं. "वर्तुळाची कड छपाईत फाटलीय जरा."

"बाबा, तो तीन आठवड्यांचा आहे. परीक्षक नाहीये तो."

मी कार्ड खोक्यात परत ठेवलं. त्या कार्डांबद्दल मला जे माहीत होतं ते कुठल्या रिसर्चमध्ये वाचलेलं नव्हतं. आणि ते सांगायचं तर त्याच्यासोबत आणखी एक गोष्ट सांगावी लागली असती, जी मी सत्तावीस वर्षं कुणालाच सांगितली नव्हती. केतकी झाली तेव्हा, ती घरी आल्यानंतरचे तीन आठवडे, मी तिला हातात घेतलं नव्हतं.

मी पेंटर. भिंतींचा नव्हे, पाट्यांचा. फ्लेक्स येऊन आमच्या धंद्यावर पांघरूण घालण्याआधी या पेठांतल्या निम्म्या दुकानांची नावं माझ्या हातची होती. 'येथे गाड्या लावू नयेत, हवा सोडली जाईल' हेही मी लिहिलेलं आहे, आणि शब्द माझे नसले तरी वळण माझं होतं. ही कला मला मोमीनपुऱ्यातल्या चाचांनी शिकवली. मी एक अक्षर पुरं केलं की चाचा माझी कॉलर धरून मला मागं ओढत. "पीछे जा. सडक के उस पार से देख." जवळून चांगलं दिसणाऱ्या पाटीचा त्यांना राग होता. पाटी जवळच्यासाठी नसते, जवळचा माणूस काय, आत येऊन विचारेल. रस्त्यापलीकडच्याला वाचता आली तर ती पाटी. त्यामुळं काहीही नीट पाहायचं म्हटलं की माझे पाय आपोआप मागं जातात. पोहे कसे झालेत ते पाहायलासुद्धा हे दोन पावलं मागं सरतात, असं सुमन येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. थोडी वाढवून सांगते, पण फार नाही.

केतकी जन्मली ती अशाच थंडीत, आणि दीड महिना आधी. सुमन डोहाळजेवण आटोपून सासवडजवळच्या तिच्या माहेरी जायची होती. पिशव्या भरून झाल्या होत्या. त्या पिशव्या तशाच राहिल्या आणि आम्ही रिक्षानं हॉस्पिटलात पोचलो. पुढचे दोन आठवडे केतकी काचेच्या पेटीत होती. नाकाला नळी, अंगाला तारा आणि पाय माझ्या अंगठ्याएवढे. मी काचेबाहेरून बघायचो. आत जायची परवानगी फक्त आईला होती, आणि खरं सांगायचं तर मला त्याचं बरंच वाटायचं.

घरी सोडताना तिथल्या डॉक्टर म्हणाल्या, "वजन वाढेल, काळजी करू नका. डोळे मात्र पुन्हा तपासायचे. इतक्या लवकर जन्मलेल्या बाळांच्या डोळ्यांचा पडदा पुरता तयार नसतो. तो नीट तयार होतोय का, हे आत्ताच सांगता येणार नाही. संक्रांत झाली की घेऊन या."

बस्स, त्या दिवसापासून आमच्या घरात एकच प्रश्न होता. हिला दिसतं का?

कानांची खात्री पहिल्याच दिवशी पटली होती. आमच्या मागं तांबट आळी, तिथली ठोकठोक सुरू झाली की केतकी दचकून दोन्ही हात फाकायची. डोळ्यांचं मात्र काही कळेना. ते उघडे असायचे, काळेभोर आणि ओले, आणि कुठंच नसायचे. छताकडं, भिंतीकडं, उजेडाकडं नुसते तरंगत राहायचे.

सुमनची आई गावाहून येऊन राहिली होती. त्या हिवाळ्यातलं मला जे आठवतं ते बरंचसं या सासूबाईंभोवतीच आहे. सकाळी त्या मोरीत पाट टाकून, पाय पसरून बसायच्या, पायांवर केतकीला घ्यायच्या आणि कोमट तेलानं रगडायच्या. तेलाचा, हळदीचा, तापलेल्या बंबाचा वास घरभर व्हायचा. दुपारी गॅलरीत उन्हाचा चटईएवढा तुकडा पडायचा, तिथं बसून त्या हरभऱ्याचे घाटे सोलायच्या. त्यांच्या लुगड्याला डिंकाच्या लाडवांचं तूप लागलेलं असायचं. जगात काळजी नावाची वस्तू आहे हे त्यांना ठाऊकच नसावं, असं मला तेव्हा वाटायचं आणि रागही यायचा.

"बघती की ती!" त्या म्हणायच्या. "आंगूळ घालताना माझ्या कुकवाकडं एकटक बघती. रोज सांगते तुमास्नी."

आजीला काय, कुठल्याही नातवंडात गुणच दिसणार. मी त्यांचं बोलणं कानाआड केलं आणि माझ्या पद्धतीनं शोध घ्यायचं ठरवलं. तीन फुटी प्लायवूड आणलं. त्यावर पिवळ्या जमिनीवर लालभडक वर्तुळ, त्याच्याशेजारी निळा चौकोन आणि हिरवा त्रिकोण. औषधाच्या दुकानाची पाटी लांबून उठून दिसावी म्हणून जे रंग वापरायचे, तेच मी वापरले. दोन दिवस गॅलरीत वास जाऊ दिला आणि मग पाटी पाळण्यासमोरच्या भिंतीवर ठोकली. पाळण्यापासून आठ फूट. मी मुद्दाम टेपनं मोजलं होतं.

सासूबाई म्हणाल्या, "लेकराचं दुकान काढताय व्हय?"

मी पाटीपाशी उभा राहून बघत राहिलो. केतकीनं त्या पाटीकडं पाहिलं नाही. सकाळी नाही, दुपारी नाही, दिवा लावला तेव्हाही नाही. दुसऱ्या दिवशी मी लाल रंगाचा आणखी एक हात दिला. तिसऱ्या दिवशी वर्तुळाला काळी कड काढली. रस्त्यापलीकडून काय, नदीपलीकडूनही दिसली असती ती पाटी. केतकीचे डोळे तिच्यावरून असे सरकून जायचे, जणू तिथं कोरी भिंत आहे. आणि मी मनाशी निकाल देऊन टाकला.

तो कुणाला सांगितला नाही. सुमन आधीच रात्रंदिवस तिला छातीशी धरून होती. मी तेवढा दूर राहिलो. सकाळ-संध्याकाळ भिंतीशी उभा राहून बघायचो, पण जवळ जायचो नाही. हाताला टर्पेंटाइनचा वास आहे, बाळाला सोसायचा नाही, असं म्हणायचो. ते खरंही होतं, पण साबण घरात होता. खरी गोष्ट अशी की मला भीती वाटत होती. हिला जवळ घेतलं, जीव लागला, आणि मग डॉक्टर नाही म्हणाल्या तर मला ते पेलणार नाही असं वाटायचं. मी जन्मभर लोकांच्या डोळ्यांसाठी काम केलेलं. जिला डोळेच नाहीत तिला मी काय देणार, हाही विचार मनात येऊन गेला. हे लिहितानासुद्धा मान खाली जाते. पण तेव्हा ते तसं होतं.

मग संक्रांत आली. सासूबाईंनी गावाकडून सुमनसाठी काळी साडी आणली होती, पांढऱ्या बारीक चौकड्यांची. बाळंतीण असली म्हणून काय झालं, संक्रांतीला काळं नेसायचंच, असं म्हणून त्यांनी ती तिला नेसवली. सकाळची वेळ होती, गॅलरीचं दार उघडं होतं आणि ऊन आत आलेलं होतं. सुमन दुपटं नीट करायला पाळण्यावर वाकली आणि तिचा पदर खांद्यावरून सुटून केतकीच्या तोंडासमोर लोंबला.

केतकी हात-पाय झाडत होती, ती थांबली. एकदम थांबली. डोळे मोठे झाले आणि पदरावर जाऊन बसले. पहिल्यांदाच ते कुठंतरी होते.

"हलू नकोस," मी सुमनला म्हणालो. माझा आवाज बहुतेक चढला असावा, कारण ती घाबरून तशीच वाकलेली राहिली. मी पुढं झालो, पदराचं टोक धरलं आणि हळूच उजवीकडं नेलं. केतकीचे डोळे अडखळत, धक्के खात उजवीकडं आले. डावीकडं नेलं. डावीकडं आले.

"आवं, मी काय येडी म्हनून सांगत हुते का?" सासूबाई दारातून म्हणाल्या.

मी पदर जरा मागं ओढला. हातभर अंतरावर गेला आणि तिचे डोळे पुन्हा तरंगायला लागले. पुढं आणला, पुन्हा सापडला. मी आपला पंजा पसरून अंतर मोजलं. एक वीत, वर दोन बोटं. तेवढंच तिचं जग होतं. त्याच्या पलीकडं माझी आठ फुटांवरची पाटी, आणि त्या पाटीपाशी कुठंतरी मी. तिला दिसत होतं. पाटी आणि मी तिला दिसण्याजोग्या जागी नव्हतो, एवढंच.

त्यानंतर डॉक्टरांच्या तारखेला तीन दिवस होते आणि त्या तीन दिवसांत मी एकही पाटी रंगवली नाही. जुन्या कॅलेंडरची पानं कापली, कोऱ्या बाजूला शाईनं आकार काढले. हात दगडानं घासून, दोनदा साबण लावून धुतले. केतकीला आयुष्यात पहिल्यांदा मांडीवर घेतलं. किती हलकी होती! मांडीवर काही आहे हे समजायला तिच्याकडं बघावं लागायचं. मग वीतभरावर वर्तुळ धरलं. तिनं ते पाहिलं, कडेकडेनं पाहिलं. मी मनात आकडे मोजत होतो. वीसपर्यंत गेलो. पुन्हा वर्तुळ दाखवलं, बारा. पुन्हा, सात. चौथ्यांदा तिनं तोंड फिरवलं आणि जांभई दिली. तेव्हा मी चौकोन धरला. तिचं ओठ चोखणं थांबलं, भुवया वर गेल्या, आणि ती बघत राहिली. मी पुन्हा वीस मोजले.

"सुमन, हिला गोलाचा कंटाळा आला!" मी ओरडलो.

सुमन पोळ्या टाकून धावत आली. कंटाळा आला म्हणून एवढं ओरडण्यासारखं काय, ते तिला कळेना. मी तिला दाखवलं. एकाचा कंटाळा आणि दुसऱ्याचं नवल, म्हणजे हा तो नव्हे हे हिला कळतंय. गोल वेगळा आणि चौकोन वेगळा, हे या दोन किलोच्या जिवाला कुणी न शिकवता समजतंय. सुमननं माझ्या हातातून चौकोन घेतला आणि स्वतः धरून पाहिला. मग ती तिथंच जमिनीवर बसून रडली. पोळी तव्यावर जळाल्याचा वास आला तेव्हा सासूबाई उठल्या.

एकच गोष्ट मला खात होती. कार्डांकडं ती बघायची, माझ्याकडं नाही. मी तोंड जवळ नेलं की तिची नजर माझ्या डोळ्यांना टाळून वर कपाळाकडं जायची. तपासणीच्या दिवशी मी ते डॉक्टरांना विचारलं. त्यांनी थेंब घालून, भिंगातून बराच वेळ डोळे पाहिले होते. पडदा नीट तयार होतोय, चष्मा लागेल पुढं, पण दृष्टी आहे, असं सांगून झालं होतं. माझ्या प्रश्नावर त्या हसल्या.

"एवढ्या लहान बाळांना आतलं फारसं दिसत नाही. कड दिसते. जिथं काळं संपून पांढरं सुरू होतं तिथं नजर अडकते. तुमचे केस काळे आणि कपाळ उजळ, म्हणून ती केसांच्या रेषेवर थांबते. महिन्या-दोन महिन्यांत खाली उतरेल, डोळ्यांपर्यंत."

हे मला फार आवडलं. आम्हीही अक्षराची कड आधी काढतो आणि मग आत रंग भरतो. ती मला काढतच होती, भरायची राहिली होती. मग मी रोज बसलो. माझे केस तेव्हा दाट होते, तेल लावून मागं वळवायचो म्हणजे तिला रेष स्वच्छ मिळावी. फेब्रुवारी सरत आला, गॅलरीतलं ऊन तापायला लागलं, सासूबाई गावी गेल्या. आणि एका सकाळी तिची नजर कपाळावरून घसरली, भुवईवर थोडी रेंगाळली आणि माझ्या डोळ्यांत येऊन थांबली. ती हसली.

चष्मा लागलाच, पहिलीत असताना. जाड भिंगांचा. आता ती खराडीतल्या एका कंपनीत मोबाइलच्या पडद्यावरची चित्रं आणि बटणं काढते. बटण गोल असावं की चौकोनी, यावर म्हणे त्यांच्या तासतासभर मीटिंगा होतात. मला हसू येत नाही.

काल सकाळी सुमन डिंक आणि खारीक आणायला मंडईत गेली होती. घरात आम्ही तिघंच. केतकीच्या खोलीतून काही आवाज नव्हता म्हणून डोकावलो, तर ती बाळाला मांडीवर घेऊन बसलेली आणि चष्म्याखालून पाणी वाहतंय. कार्डं पलंगावर विखुरलेली.

"काय झालं गं?"

"तो कार्डांकडं बघतो, बाबा. माझ्याकडं बघतच नाही. मी इतकी जवळ जाते, तर माझ्या डोक्यावर काहीतरी बघतो. सगळे म्हणतात बाँडिंग होतं, आय कॉन्टॅक्ट होतो. आमच्यात काही होतच नाहीये. मला काही जमत नाहीये बहुतेक."

मी तिच्याजवळ बसलो. तिचे केस कपाळावर विस्कटून आले होते. ते मी हातानं मागं केले आणि म्हटलं, "आता बघ. केसांच्या रेषेकडं बघतोय तो. तीच तू आहेस त्याच्यासाठी, सध्या. पुढच्या महिन्यात खाली उतरेल."

ती बराच वेळ बाळाकडं बघत राहिली. तो तिच्या कपाळाच्या कडेवर डोळे लावून होता, अगदी गंभीरपणे. तिनं नाक पुसलं.

"तुम्हाला कसं माहीत?"

टाळता आलं असतं. कुठंतरी वाचलं, म्हटलं असतं तर तिनं मानलंही असतं. पण समोर ती रडत होती की आपण आई म्हणून कमी पडतोय, आणि मी बाप म्हणून काय केलं होतं ते तिला ठाऊक नव्हतं. मी सांगितलं. काचेची पेटी सांगितली, आठ फुटांवरची पाटी आणि तिच्यापाशी रोज उभं राहणं सांगितलं, टर्पेंटाइनचं निमित्त सांगितलं. "तुला दिसत नाही असं मी धरून चाललो होतो. म्हणून तीन आठवडे तुला हात लावला नाही. भ्यालो होतो."

बाहेर तांबट आळीत कुणीतरी काम सुरू केलं होतं. बाळानं दचकून हात फाकले. केतकीनं चष्मा काढला, ओढणीच्या टोकानं पुसला आणि परत घातला. इतकी वर्षं मी या क्षणाला घाबरून होतो, आणि तो आला तेव्हा मला तिच्याकडं बघवेना.

"तीन आठवडे रोज माझ्यासमोर उभे राहायचात?" तिनं विचारलं.

"हो."

"सकाळ-संध्याकाळ?"

"हो. पण लांब."

"घाबरला होतात, तरी खोलीतून गेला नाहीत ना." मग नेहमीच्या कोरड्या आवाजात म्हणाली, "आता मांडी घाला नीट. मला चार दिवसांत शांतपणे अंघोळ मिळालेली नाही."

मी मांडी घातली. तिनं बाळाला माझ्या मांडीवर ठेवलं, त्याचं डोकं माझ्या हातात नीट बसवलं, आणि एकदाही मागं वळून न बघता ती अंघोळीला गेली.